पिंजऱ्यातली नोंद, रानातला जीव



तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने प्राणिसंग्रहालयाच्या नोंदवह्यांवर काय बोलावं, असा प्रश्न विषय वाचून काहींना पडला असेल. पण आपण तत्त्वज्ञानात तरी वेगळं काय विचारतो? ‘हे तुला कशावरून कळलं?’ हाच आपला पहिला प्रश्न. वन्यजीवांबद्दल आज जे ज्ञान आहे त्याला हा प्रश्न विचारला, तर उत्तर पुष्कळदा रानातून येत नाही, पिंजऱ्याबाहेर लटकवलेल्या एका वहीतून येतं. हे उत्तर कितपत भरवशाचं आहे, आणि त्यावरून रानातल्या जिवांबद्दल काय म्हणता येतं, काय म्हणता येत नाही, एवढं आज आपण पाहणार आहोत.

नोंद म्हणजे नेमकं काय?

पुण्याचं कात्रज असो, मुंबईची राणीची बाग असो, आपण पिंजऱ्यासमोर उभे राहतो, वाघ पाहतो आणि पुढे जातो. आपल्याला दिसतो तो ‘वाघ’, म्हणजे जात. नोंद ठेवणाऱ्याला जात पुरत नाही, त्याला हा वाघ हवा असतो. हा कधी जन्मला, आई कोण, बाप कोण, कुठून आला, वजन किती, कोणत्या तारखेला काय आजार झाला, कोणतं औषध किती दिलं, कोणत्या मादीबरोबर ठेवला, पिल्लं किती झाली, त्यातली किती जगली. आणि शेवटी मेला कधी, कशाने, शवविच्छेदनात काय दिसलं.

या नोंदींची स्वतःची एक भाषा आहे. कुठल्याही प्राणिसंग्रहालयाच्या यादीत ‘२.३.१’ असं लिहिलेलं दिसलं तर ती दशांश चिन्हं समजू नका. २ नर, ३ माद्या आणि १ असा, ज्याचं लिंग अजून कळलेलं नाही, असा त्याचा अर्थ. टोकियोत वाचा नाहीतर म्हैसूरला, अर्थ एकच. नोंद वाटून घ्यायची तर आधी लिपी वाटून घ्यावी लागते, ती अशी.

जंगली जातीची वंशावळ छापून ठेवण्याचा सर्वांत जुना मोठा प्रयत्न युरोपातल्या रानगव्याचा, म्हणजे बायसनचा. पोलंडच्या बियावोव्हिएझा अरण्यातला हा प्राणी पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत संपला, कॉकेशसमधला १९२७ पर्यंत संपला. रानात एकही उरला नाही. उरले ते प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी कुरणांत, सगळे मिळून ५४. त्यांच्यासाठी १९२३ साली एक आंतरराष्ट्रीय संस्था निघाली आणि १९३२ साली वंशावळीची पहिली वही छापली गेली. आज जगात जेवढे हे रानगवे आहेत ते अवघ्या १२ पूर्वजांचे वंशज आहेत. हे आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी लिहून ठेवलं. १९५२ साली त्याच अरण्यात त्यांना परत मोकळं सोडायला सुरुवात झाली आणि २०१९ पर्यंत रानातली त्यांची संख्या ६,२०० च्या वर गेली. कुणाचा कुणाशी जोडा लावायचा हे त्या वहीशिवाय ठरवताच आलं नसतं.

एकाची वही, सगळ्यांची वही

एका प्राणिसंग्रहालयात एखाद्या जातीचे किती प्राणी असणार? दोन, चार, फार तर दहा. दहा प्राण्यांवरून नियम काढणं म्हणजे एका घरात राहून गावाची शिरगणती करण्यासारखं आहे. शिवाय प्राणी एका जागी राहत नाहीत. इथे जन्मलेला वाघ तिथे जातो, तिथली मादी इकडे येते. वही मात्र पहिल्याच ठिकाणी राहते. प्राणी प्रवास करतो आणि त्याचा इतिहास मागे राहतो.

ही अडचण ओळखून १९७३ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या यूलिसिस सील आणि डेल मेकी यांनी एका सामायिक नोंदव्यवस्थेची कल्पना मांडली. १९७४ साली उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या ५१ प्राणिसंग्रहालयांना घेऊन ती सुरू झाली. तिचं नाव ‘आयसिस’. २०१६ पासून हीच संस्था ‘स्पीशीज थ्री-सिक्स्टी’ या नावाने ओळखली जाते. आज तिचे सभासद बाराशेहून अधिक आहेत आणि त्यांची संगणकावरची सामायिक वही ‘झिम्स’ या नावाने चालते. तिच्यात प्रत्येक प्राण्याला जगभरात एकच असा क्रमांक मिळतो. प्राणी कुठेही गेला तरी त्याचा इतिहास त्याच्याबरोबर जातो.

आता हे वाटून घेणं महत्त्वाचं का, ते एका उदाहरणाने पाहू. भाऊबहीण किंवा बाप-लेक अशा जवळच्या नात्यातल्या जोड्यांची पिल्लं अशक्त निघतात, हे गुरं पाळणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. पण जंगली प्राण्यांच्या बाबतीत बरेच लोक म्हणत, ‘छे, रानातल्या जिवाला काही होत नाही.’ १९७९ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या कॅथरीन रॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूरवाल्या प्राण्यांच्या जुन्या नोंदी काढून बसवल्या. १६ जातींपैकी १५ जातींत नात्यातल्या जोड्यांची पिल्लं लहानपणीच मरण्याचं प्रमाण जास्त निघालं. नवा प्रयोग केलेला नव्हता, एकही प्राणी मुद्दाम मारलेला नव्हता. वर्षानुवर्षं कुणीतरी ‘पिल्लू मेलं’ एवढं लिहीत आलं होतं. ती वाक्यं कुणी एकमेकांशेजारी ठेवून वाचली नव्हती, इतकंच.

पुढे १९८८ साली हाच हिशेब ३८ जातींच्या ४० समूहांवर मांडला गेला. सख्ख्या भावंडांच्या किंवा आईबाप-अपत्य अशा जोड्यांत पिल्लांच्या जगण्याला बसणारा फटका सरासरी ३३ टक्क्यांचा निघाला. रानात तो याहून मोठा असणार, असंही संशोधकांनी तेव्हाच म्हटलं. म्हणून छोट्या छोट्या तुकड्यांत अडकलेल्या रानटी प्राण्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. फ्लोरिडातले पॅंथर २०-३० वर आले होते. १९९५ मध्ये तिथे टेक्ससमधून त्याच जातीच्या ८ माद्या आणून सोडल्या, नवं रक्त आलं, संख्या वाढली.

रानात जे दिसत नाही

कुणी म्हणेल, रानातला प्राणी समजून घ्यायचा तर रानात जाऊन पाहा. बरोबर आहे, आणि शक्य असेल तिथे तेच करावं. पण एखादी मादी पहिल्यांदा कितव्या वर्षी व्याली, किती दिवसांनी पुन्हा व्याली, शेवटची कधी व्याली, हे रानात कळायला तीच मादी तीस वर्षं ओळखता आली पाहिजे. किती जातींच्या बाबतीत हे जमलं आहे?

२०१९ साली डाल्या कोंडे आणि सहकाऱ्यांनी याचीच मोजदाद केली. सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे आणि उभयचर मिळून ३२,१४४ जाती त्यांनी घेतल्या. जन्म आणि मृत्यू या दोन्हींची पुरेशी माहिती फक्त १.३ टक्का जातींबद्दल होती. शंभरातल्या जेमतेम एका जातीबद्दल! प्राणिसंग्रहालयांच्या सामायिक नोंदी जोडल्यावर जगण्याच्या प्रमाणाबद्दलची माहिती जवळजवळ आठपट झाली.

या माहितीचं काय करायचं? एक साधा हिशेब करून पाहू. कोणती जात किती धोक्यात आहे, हे आययूसीएन ही जागतिक संस्था ठरवते. तिचा एक निकष असा, की गेल्या १० वर्षांत किंवा ३ पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या किती घटली? आता पिढी म्हणजे किती वर्षं? समजा एका माकडाची पिढी आपण ५ वर्षांची मानली, तर १५ वर्षांतली घट मोजायची. ती ८ वर्षांची निघाली, तर २४ वर्षांतली. ज्या जंगलाची तोड वीस वर्षांपूर्वी झाली, ती पहिल्या हिशेबात येत नाही, दुसऱ्यात येते. रानातली माकडं तेवढीच, तोडही तेवढीच, पण एका आकड्यामुळे त्या जातीवरचा शिक्का बदलतो. माद्या कोणत्या वयात व्यायला लागतात आणि कोणत्या वयापर्यंत व्यातात हे कळल्याशिवाय तो आकडा नीट काढता येत नाही, आणि अनेक जातींच्या बाबतीत हे सांगणारं प्राणिसंग्रहालयाच्या वहीशिवाय दुसरं कुणी नसतं.

गिधाडांची गोष्ट

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. नव्वदच्या दशकात आपल्या देशातली गिधाडं नाहीशी व्हायला लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गावाबाहेर मेलेलं ढोर तासाभरात साफ होई, ते तसंच पडून राहू लागलं. मुंबईत पारशी समाजाच्या दोखम्यांपुढे अवघड प्रश्न उभा राहिला. कारण कळलं ते २००४ मध्ये. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात.

मग बंदी घाला! पण एवढं सोपं नव्हतं. शेतकऱ्याची गाय लंगडते आहे, तापलेली आहे, तिला काहीतरी द्यावंच लागणार. डायक्लोफेनॅक काढून घ्यायचं तर त्याच्या जागी दुसरं काय ठेवायचं? आणि ते गिधाडांना सोसेल, हे कशावरून? सगळी औषधं गिधाडांवरच तपासत बसायची? ज्या जातीतले मोजकेच जीव उरले, त्यांच्यावर?

इथे काही संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत गिधाडं, गरुड, करकोचे आहेत, तेही आजारी पडतात, त्यांनाही पशुवैद्य वेदनाशामक देतात. तर मग कुणाला काय दिलं आणि पुढे काय झालं? उपचारांच्या नोंदी तेव्हा अशा एकत्र पाहता येत नव्हत्या, त्यामुळे प्राणिसंग्रहालयांना आणि पशुवैद्यांना विचारणा करावी लागली. या विचारणेचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. तिच्यात ७९ जातींच्या ८७० हून अधिक पक्ष्यांवरच्या उपचारांचा हिशेब होता. कारप्रोफेन, फ्लुनिक्सिन अशा काही औषधांनंतर पक्षी मेल्याच्या नोंदी सापडल्या. मेलॉक्सिकॅम मात्र ६० जातींच्या ७०० हून अधिक पक्ष्यांना दिलं गेलं होतं आणि त्याने विषबाधा झाल्याची एकही नोंद नव्हती. मेलॉक्सिकॅमच्या रीतसर चाचण्याही झाल्या, आधी आफ्रिकेतल्या गिधाडांवर, मग आपल्याकडच्या. त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये आले आणि त्याच वर्षी आपल्या सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली.

यातली एक गोष्ट निसटू देऊ नका. मेलॉक्सिकॅमवर भरवसा बसला तो ‘काही झालं नाही’ अशा शेकडो नीरस नोंदींमुळे. आणि कारप्रोफेन बाजूला पडलं ते ‘औषध दिलं, पक्षी मेला’ असं लाज न बाळगता लिहिणाऱ्यांमुळे. आपल्या हातून उपचार झाला आणि जनावर दगावलं, हे लिहायला कुणाला आवडेल? पण तीच ओळ कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या हजारो पक्ष्यांना वाचवू शकते.

धूर आणि ओलं सरपण

इतका वेळ नोंदींची बाजू घेतली. आता त्यांची उलटतपासणी. आपले नैयायिक सांगतात, जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण ती उलटी करून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हटलं तर फसलो. लोखंडाचा गोळा लाल तापला तर त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो सरपण ओलं असेल तेव्हा. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी, नियमात गुपचूप शिरलेली अट. प्राणिसंग्रहालयाच्या प्रत्येक नोंदीत अशी एक उपाधी बसलेली असते. ती म्हणजे पिंजरा. ‘हा प्राणी २० वर्षं जगतो’ या वाक्याचा खरा अर्थ ‘वेळेवर अन्न, वैद्य आणि कुंपण असेल तर २० वर्षं जगतो’ असा आहे.

मग ही उपाधी किती मोठी? तेही नोंदींनीच दाखवलं. ५० हून अधिक सस्तन जातींचा २०१६ सालचा एक अभ्यास सांगतो, की ८४ टक्के जाती रानापेक्षा प्राणिसंग्रहालयात जास्त जगतात. भराभर वाढणाऱ्या, कमी आयुष्याच्या जातींना याचा फायदा जास्त. संथ आयुष्याच्या मोठ्या प्राण्यांना फारसा नाही.

आणि हत्तीला? २००८ साली साडेचार हजारांहून अधिक हत्तिणींच्या नोंदींवरून जे निघालं, ते वाचून युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत खळबळ उडाली असेल तर नवल नाही. तिथे जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचं मध्यम आयुर्मान १६.९ वर्षं. केनियाच्या अंबोसेली अभयारण्यात, माणसाने मारलेल्या वगळल्या तर, ते ५६ वर्षं. आशियाई हत्तीण युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात १८.९ वर्षं जगते, आणि म्यानमारमध्ये लाकडं ओढण्याचं काम करणारी ४१.७ वर्षं! पिल्लाला आईपासून लवकर तोडणं, एका संग्रहालयातून दुसऱ्यात हलवणं, याने आशियाई हत्तींचा धोका वाढतो, हेही त्याच नोंदींतून निघालं. प्राणिसंग्रहालयांनी स्वतः लिहिलेल्या वह्यांनी त्यांच्याच विरुद्ध साक्ष दिली. आम्हाला विचाराल तर नोंदी सामायिक असण्याचं सर्वांत मोठं कारण हे आहे. वही मालकाच्या कपाटात राहिली, तर ती मालकाचीच बाजू बोलते.

खोटं लिहिलं, अर्धं लिहिलं, तर?

न्यायशास्त्रात शब्दाला प्रमाण मानलं आहे, पण कुणाच्याही शब्दाला नाही, आप्ताच्या. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने वस्तू आहे तशी जाणली आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. नोंद लिहिणाऱ्याला या दोन्ही अटी लागू आहेत.

यातली पहिली अट चुकली तर काय होतं? १९८१ साली अमेरिकेत आशियाई सिंहांची, म्हणजे आपल्या गीरच्या सिंहांची, वंशवृद्धी योजना सुरू झाली. पाच मूळ पूर्वज धरून तिची वंशावळ मांडली होती. १९८७ साली रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्या पाचांपैकी दोघांत आफ्रिकी सिंहाचं रक्त असल्याचं निघालं. मधल्या वर्षांत त्यांची प्रजा सगळ्या शाखांत पसरली होती. कुणी मुद्दाम फसवलं असेल असं नाही, कधीतरी कुठेतरी एक ओळ चुकीची किंवा अपुरी लिहिली गेली, एवढंच. पण सामायिक वहीत चूकसुद्धा सामायिक होते. म्हणून डीएनएची तपासणी आणि कातडीखाली बसवायची चिप यांना नोंदीइतकंच महत्त्व आहे.

दुसरी अट अधिक अवघड, कारण तिथे प्रश्न इच्छेचा असतो. मृत्यू झाला की वर्तमानपत्रात बातमी येते, सभागृहात प्रश्न विचारले जातात, खालच्या माणसावर कारवाई होते. मग पुढच्या मृत्यूची नोंद कशी लिहिली जाईल, ते सांगायला नको. ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ हे कारण वाचलं की आपण समजावं, इथे काहीच सांगितलेलं नाही. मरताना हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं.

आपण काय मागायचं?

आपल्या देशात १९९१ च्या कायदादुरुस्तीनंतर १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. प्रत्येक मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाने जन्म, मृत्यू, आवक-जावक यांची नोंद ठेवून वर्षाचा हिशेब प्राधिकरणाला द्यायचा, हा नियम आहे. निवडक जातींच्या राष्ट्रीय वंशावळ-वह्या डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या मदतीने तयार होतात. म्हणजे चौकट आहे. चौकटीत भरायचं काम रोजचं आहे, आणि ते करतो तो कीपर. चित्त्याने आज खाल्लं नाही हे सर्वांत आधी त्याला कळतं. त्याचं बोलणं वहीपर्यंत पोचतं का? त्याच्या भाषेत लिहायची सोय आहे का? संगणकापुढे बसणारा माणूस पिंजऱ्यापर्यंत जातो का? संशोधनाचा दर्जा शेवटी या बारीक प्रश्नांवर ठरतो.

म्हणून पुढच्या वेळी मुलानातवंडांना घेऊन प्राणिसंग्रहालयात जाल, तेव्हा ‘पांढरा वाघ आहे का?’ याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. इथल्या प्राण्यांच्या नोंदी इतरांना अभ्यासासाठी मिळतात का? आणि मृत्यूचं कारण तपासून, नीट लिहून ठेवलं जातं का? विचारणारे वाढले की उत्तर देणारेही तयार होतात.

एक प्रश्न उरतो, तो टाळून चालणार नाही. ‘नोंदीतून एवढं ज्ञान मिळतं, म्हणून प्राण्याला कोंडणं योग्य’ असा निष्कर्ष निघतो का? आमच्या मते निघत नाही. उपयोग झाला म्हणून कृत्य न्याय्य ठरत नाही, हे आपण माणसांच्या बाबतीत मानतो, तर जनावरांच्या बाबतीत ते अगदीच विसरून कसं चालेल? प्राण्याला ठेवावं की नाही, कोणत्या जातीला ठेवावं, हा वाद वेगळा आहे आणि हत्तींचे आकडे पाहता तो व्हायलाच हवा. पण जो प्राणी आज कोंडलेला आहे, त्याच्याकडून आपण त्याचं रान घेतलेलं आहे. त्याच्या जगण्यातून आणि मरण्यातून जे कळलं तेही आपण लिहिलं नाही, किंवा लिहून कपाटात ठेवलं, तर त्याचं कोंडलेपण त्याच्या रानातल्या भाईबंदांच्याही उपयोगी पडत नाही. नोंद हे त्याचं ऋण आहे. ते फिटणारं नाही. पण निदान ते मान्य करून त्याचा हिशेब उघडा ठेवणं आपल्या हातात आहे.